हळदीचं पितळ, कुंकवाचं पितळ

आमच्या न्हाणीघरातला नळ गळत होता, तो गळू दिला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण घरात काही बिघडलं की ते दुरुस्त करून घेणारा कर्ता पुरुष म्हणून आपलं नाव व्हावं, अशी मला अधूनमधून हुक्की येते. त्या हुक्कीत मी भरमू प्लंबरला बोलावलं. त्यानं जुना नळ काढून नवा चकचकीत बसवला आणि जुना नळ माझ्या हातात ठेवून म्हणाला, "सायेब, ह्यो टाकू नगासा. अस्सल पितळ हाय. आता असलं मिळत न्हाय."

एवढंच वाक्य. ते बोलून भरमू गेला, पण मी तो नळ हातात धरून न्हाणीघराच्या दारात उभाच राहिलो. इतकी वर्षं मी ज्याला नळ समजत होतो ते पितळ होतं! मग घरात आणखी काय काय पितळेचं असेल? (माझी बायको अंजनी म्हणते की माझ्या डोक्यात एखादा विचार शिरला की तो भाडेकरूसारखा राहतो, जागा सोडत नाही. मी ते मनावर घेत नाही.)

त्या संध्याकाळी मी मोबाईलवर 'पितळ ओळखा, मालामाल व्हा' नावाचा एक व्हिडिओ शोधून काढला. त्यातला गॉगल घातलेला गृहस्थ भंगाराच्या ढिगावर पाय ठेवून फार अधिकारानं बोलत होता. पहिली गोष्ट, वस्तूला चुंबक लावा. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर पितळ असण्याची शक्यता. दुसरी गोष्ट, कानशीनं घासून बघा, आतूनही पिवळं निघालं पाहिजे. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: पितळ सगळं सारखं नसतं. पिवळं पितळ वेगळं आणि लाल पितळ वेगळं. लाल पितळात तांबं जास्त, म्हणून त्याला भाव जास्त. दोन्हींची मिसळ करून विकणारा माणूस म्हणजे शुद्ध मूर्ख, असं तो कॅमेऱ्यात बघून म्हणाला. मला उगाच वाटलं की तो मलाच म्हणतोय.

अंजनी पोळ्या लाटत काहीतरी सांगत होती. "ऐकायलाय न्हवं? आईचा फोन आलता. आमच्या गावच्या लक्ष्मीची घंटा फुटली की हो. नवीन ओतायची ठरलीया. यात्रेआधी. गावातली माणसं पितळ गोळा करायलीत."

"हं," मी म्हणालो. गृहस्थ त्या वेळी नेमका लाल पितळाची तोटी दाखवत होता.

"सिद्राममामा कमिटीचा चेअरमन हाय."

"हं."

अंजनीनं लाटणं थांबवलं आणि माझ्या मोबाईलकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग वर माळ्याकडे. तेव्हा ती काहीच बोलली नाही. ती काहीच बोलत नाही तेव्हा मी सावध व्हायला हवं, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं, पण वेळेवर कधी आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. चुंबक हवं होतं. फ्रिजच्या दारावर म्हैसूरच्या सहलीत घेतलेला हत्ती होता, अंबारीसकट. मी तो काढायला गेलो तर निघेना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा कुठे 'चर्र' आवाज करत सुटला. मी मनात म्हटलं, व्वा! काय ताकद आहे चुंबकाला! असल्या चुंबकापुढे लोखंडाची लपायची बिशाद नाही.

आणि खरंच सांगतो, त्या दिवशी आमच्या घरानं मला चकित केलं. पडद्यांचे सोनेरी दांडे: हत्ती चिकटला नाही. पितळ! दारांच्या मुठी: पितळ! भिंतीवरच्या घड्याळाची पिवळी चौकट: पितळ! फुलदाणी, उदबत्तीचं घर, छत्र्या ठेवायचा उभा डबा, सगळं पितळ! आमच्या पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला संगीत-खुर्चीत मला उत्तेजनार्थ कप मिळाला होता. त्यालाही हत्ती लावला. घसरून खाली पडला. म्हणजे संस्थेनं मला अस्सल पितळेचा कप दिला होता आणि मी इतकी वर्षं मॅनेजरला चिक्कू म्हणत होतो! मला मनापासून वाईट वाटलं.

कानस घरात नव्हती, म्हणून अंजनीची नखं घासायची पट्टी घेतली. घासून बघितलं तर वरूनही पिवळं आणि आतूनही पिवळंच दिसलं. (आत काही पोचलंच नव्हतं, हे नंतर कळलं. पट्टी मात्र मोडली, ते लगेच कळलं.)

"अहो, ह्ये काय करायलाय तुम्ही?" अंजनी शाळेत शिकवून आली ती व्हरांड्यातच थबकली. खिडक्यांना पडदे नव्हते, दारांना मुठी नव्हत्या आणि मी मध्ये बसून कपाला हत्ती घासत होतो.

"अंजनी, आपण पितळेच्या घरात राहतो!"

"आणि आता न्हाणीचं दार उघडायचं कसं?"

"बाहेरून ढकलायचं."

"आणि आतून?"

याचा मी विचार केला नव्हता. मी विषय बदलला. "आणखी काही असेल तर सांग. माळ्यावर काय काय आहे?"

"माळ्यावर काही न्हाय," ती चटकन म्हणाली. इतकी चटकन की मला जरा नवल वाटलं. मी शिडी लावून बघितलं, खरंच काही नव्हतं. गाद्या, एक मोडका पंखा, आणि मधोमध एक गोल जागा, जिथे धूळ बसलेली नव्हती. त्या गोल जागेकडे बघून माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

आता प्रश्न खुणांचा. पिवळं आणि लाल वेगळं करायचं, तर खूण हवी. खडू घासला तर गुळगुळीत वस्तूवर उठेना. स्केचपेन पुसून जाई. शेवटी स्वयंपाकघरात नजर गेली आणि युक्ती सुचली. पिवळ्या पितळाला हळद कालवून बोट ओढायचं, लाल पितळाला कुंकू! पिवळ्याला पिवळं, लालला लाल. आणि जिथे मला पिवळं की लाल ते ठरवता येईना, तिथे दोन्ही. (मला बहुतेक ठिकाणी ठरवता आलं नाही.) अनगोळच्या भावकूला मी फोन करून ठेवला होता. तो भंगाराचा गाडा घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. मी ऑफिसात असणार, अंजनी शाळेत. म्हणून माल व्हरांड्यात मांडून ठेवायचा आणि जाळीचं दार नुसतं ओढून घ्यायचं, असं ठरलं.

सकाळी अंजनी शाळेला गेली आणि मी माल रांगेत मांडत होतो, तोवर शेजारचे नागेंद्रराव आले. नागेंद्रराव रेल्वेतून रिटायर झालेले. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, आणि रागावले की हिंदी. ते आणि मंगलवहिनी त्या दिवशी लोंढ्याला मुलीकडे निघाले होते, वहिनी रिक्षात जाऊन बसल्याही होत्या. नागेंद्ररावांच्या दोन्ही हातांत एक मोठं घंगाळ होतं, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं.

"शामराव, तुम्ही पितळ बघतायसा म्हणे. हे काय आहे तेवढं बघून ठेवा की हो. पितळ की अजून काय? आमच्या स्टोअररूममध्ये निघालं. कधीचं आहे, मला तर आठवत नाही. रविवारी संध्याकाळी येतो, तेव्हा सांगा."

"निश्चिंत जा," मी म्हणालो. माझी कीर्ती शेजारपर्यंत पोचली होती, या आनंदात मी घंगाळ ठेवून घेतलं. हत्ती लावला. नाही चिकटला. रंग लालसर सोनेरी. वा, लाल पितळ! मी कुंकवाचं बोट ओढलं आणि जरा हळदही लावली, उगाच भांडण नको म्हणून. काठाजवळ एक मोठा पोचा होता. कुणीतरी आडदांड माणूस त्यावर आपटला असणार, असं मनात आलं. तेवढ्यात ऑफिसची वेळ झाली म्हणून घंगाळ तिथेच रांगेत ठेवून मी पळालो. ते घरात नेऊन ठेवायला हवं होतं. हे मला आजही अंथरुणात पडल्यावर आठवतं आणि मी कूस बदलतो.

दुपारी ऑफिसात ठेवीदारांची गर्दी असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आमी आलोय. गाडी घिऊन. माल न्यायला."

"हो हो, न्या," मी म्हणालो. भावकूचा माणूस असणार.

"हळद-कुंकू लावल्यालं समदं न्यायचं न्हवं?"

"हो. खुणा मीच केल्यात. हळदीचं वेगळं, कुंकवाचं वेगळं ठेवा. मिसळू नका."

पलीकडे कुणाशी तरी कुजबुज झाली. मग तो आवाज फार मऊ झाला. "समदं तुमी सोता केलासा?"

"मग दुसरं कोण करणार?"

"धन्य हाय बगा तुमची," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. भंगारवाले इतके सुसंस्कृत झाल्याचं पाहून मला बरं वाटलं. समोरच्या ठेवीदाराला मी तसं बोलूनही दाखवलं.

संध्याकाळी घरी आलो तर व्हरांडा स्वच्छ. अंजनीही नुकतीच आली होती. तोवर जाळीबाहेर गाड्याचा खडखडाट झाला आणि भावकूनं हाक मारली, "सायेब! माल कुठं हाय?"

"नेलास की दुपारी!"

"म्या? म्या ह्यो आत्ता येतोय. दुपारी गाड्याचं चाक निखळल्यालं."

"मग तुझा माणूस आला असेल."

"माज्याकडं माणूस न्हाय सायेब. म्या एकटाच हाय."

मी जाळी उघडून व्हरांडा पुन्हा बघितला. कुणीतरी आलं होतं, मला फोन करून, माझी परवानगी घेऊन, हळद-कुंकवाची चौकशी करून माल घेऊन गेलं होतं. असला चोर मी ऐकला नव्हता. पोलिसांत जाऊन काय सांगायचं? चोरानं आधी विचारलं आणि मी हो म्हणालो? आणि मग एकदम आठवलं. घंगाळ! नागेंद्ररावांचं घंगाळ!

तो नंबर फिरवला. एक बाई कन्नडमध्ये सांगायला लागली की हा ग्राहक संपर्काच्या बाहेर आहे. अंजनीनं माझ्या हातातून फोन घेऊन नंबर बघितला आणि म्हणाली, "अहो, ह्यो तर सिद्राममामाचा नंबर!" (माझ्या फोनमध्ये सासरवाडीचे नंबर नाहीत. अंजनीच्या फोनमध्ये आहेत, तेवढे मला पुरतात.)

मला काही उलगडेना. अंजनीच्या मामाला माझं भंगार कशाला? तोवर त्याच नंबरवरून फोन आला आणि सिद्राममामांचा तो सभेत बोलायचा आवाज घुमला. "जावईबापू, माल सुखरूप पोचला! आमी म्हटलं, टिळकवाडीतनं जाताजाता आंजीकडं डोकावू. बगतो तर काय! समदं वळीनं मांडल्यालं, हळद-कुंकू लावल्यालं! देवीच्या घंटेसाठी आजवर अशी तयारी कुनी केली न्हाय. धा गावं हिंडलोय मी!"

मग फोन सासूबाईंनी घेतला. गुणाबाई म्हणजे कडक काम. लग्नाच्या आधी त्यांनी मला एकदा गवताची पेंढी बांधायला सांगितली होती. ती मी बांधली त्यावरून त्यांनी माझ्याविषयी जे मत केलं ते कधी बदललं नव्हतं. पण आज त्यांचा आवाज भरून आला होता. "जावईबापू, त्ये बी दिलासा! मला तितंच रडू आलं बगा. एवडं मोटं मन आसंल तुमचं, वाटलं न्हवतं."

'ते' म्हणजे कोणतं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मी म्हणालो, "देवीची इच्छा." अंजनीनं बोलायला फोन घेतला, तोवर त्या जंगलातल्या गावातली रेंज गेली होती.

मी वळलो. अंजनी माझ्याकडे बघत होती. असं ती माझ्याकडे शेवटचं कधी बघत होती ते आठवत नाही, बहुधा साखरपुड्यात. "तुम्ही देवीसाठी करायलतासा? आणि मी तुम्हाला कायबाय बोलले!"

आता इथे खरं सांगून टाकणं सोपं होतं. पण मला तो चहा आडवा आला. अंजनीनं न मागता आल्याचा चहा करून आणला, वर खारी दिली. मी चहात खारी बुडवून म्हणालो, "मनात आलं खरं." भावकू जाळीबाहेरून हे सगळं ऐकत होता. तो डोक्यावरचं मुंडासं काढून पाया पडून गेला.

पण घंगाळ डोक्यातून जाईना. नागेंद्ररावांनी विश्वासानं दिलेली वस्तू मी देवीला देऊन टाकली होती, तीही हळद-कुंकू लावून. रविवारी सकाळी गावात घंटा ओतायची भट्टी पेटणार, असं अंजनीनं सांगितलं होतं आणि रविवारी संध्याकाळी नागेंद्रराव परत येणार होते. त्याच्या आत घंगाळ परत आणलं नाही, तर त्यांना तोंड कसं दाखवायचं?

गंमत म्हणजे अंजनीही त्या दिवसांत अस्वस्थ दिसत होती. एकदा ती कुंड्यांना पाणी घालते म्हणून नागेंद्ररावांच्या घराची किल्ली घेऊन गेली आणि बऱ्याच वेळानं उतरलेल्या चेहऱ्यानं परत आली. "काय झालं?" मी विचारलं. "काही न्हाय, कुंड्या सुकल्यात," ती म्हणाली. मी माझ्याच विचारात होतो.

रविवारी आम्ही खानापूरच्या बसनं सासरवाडीला गेलो. देवळासमोर मांडव घातला होता, बाजूला ओतारी लोकांची भट्टी धगधगत होती आणि मांडवात पितळेचा ढीग. त्यात आमचा माल वेगळा मांडलेला, हळद-कुंकवासकट, वर झेंडूची माळ. गावानं घागरी, कळशा, तांबे दिले होते, पण माळ फक्त आमच्या ढिगाला होती.

अंजनी बायकांत गेली तशी मी संधी साधली. हळूच वाकलो, पडद्याच्या दांड्यांखाली हात घातला, घंगाळाचा काठ धरला आणि ओढायला लागलो. वरचे दांडे खणखणले.

"बगा, बगा," मागून एक बाई म्हणाली, "दिलं तरी कसं हात लावून नमस्कार करायल्यात!"

"जीव हाय त्येंचा देवीवर," गुणाबाईंचा आवाज आला. मला नमस्कार पुरा करावाच लागला. घंगाळ होतं तिथेच राहिलं.

मग माईकवर माझं नाव पुकारलं. मला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. सिद्राममामा मोटारपंपांचे कंत्राटदार. दोन्ही खिशांत दोन मोबाईल आणि माईक हातात आला की मग तो कुणाला देत नाहीत. "मंडळी," ते म्हणाले, "देवीच्या घंटेत लोखंडाचा कण जाता कामा नये. घंटा बद्द वाजंल. म्हनून आपन शास्त्रीय पद्धत वापरनार. म्या व्हिडिओ बगितलाय, गॉगलवाल्याचा!" आणि त्यांनी दोरीला बांधलेलं एक काळं जाड चुंबक वर धरलं, जुन्या स्पीकरमधून काढलेलं. "सुरुवात मानाची. जावईबापूंच्या मालापासनं!"

मी बिनघोर होतो. सगळं तपासूनच दिलं होतं.

मामांनी चुंबक पडद्याच्या दांड्यावर नेलं. खाड! दांडा उडून चिकटला. मामांनी ओढून काढला, दुसरा घेतला. खाड! माईकमुळे तो आवाज सगळ्या गावात गेला. मुठी, खाड खाड. घड्याळाची चौकट, खाड. फुलदाणी तर न बोलावताच गेली. शेवटी मामांनी कप उचलला आणि त्यावरची अक्षरं माईकवर वाचली, "संगीत-खुर्ची. उत्तेजनार्थ." खाड.

पहिल्यांदा पोरं हसली, मग बायका, मग ओतारी भट्टी सोडून बघायला आले. माझे कान तापले. "हे शक्यच नाही!" मी ओरडलो. "मी स्वतः चुंबक लावून बघितलंय!" आणि पुरावा म्हणून खिशातून हत्ती काढला.

अंजनी पुढे आली. तिनं हत्तीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, ह्येचं चुंबक पडून कवाचं हरवलंय! मी त्याला दोन्हीकडनं चिकटणारी पट्टी लावून फ्रिजला चिकटवलता!"

मी हत्ती उलटा केला. पोटाला खरंच एक मळकी पट्टी होती. मामांनी चुंबक हत्तीजवळ नेलं. हत्ती जागचा हलला नाही. "हत्ती पितळेचा हाय जनू," मामा माईकवर म्हणाले. मांडव कोसळायचा बाकी राहिला.

आमच्या ढिगातून शेवटी दोनच वस्तू उरल्या. एक तो गळका नळ, तो पास झाला. आणि दुसरं घंगाळ. मामांनी चुंबक सगळीकडून फिरवलं, ते कुठेच चिकटलं नाही. "पितळ!" मामा गरजले. "अस्सल पितळ! जावईबापूंनी लाज राखली! चला, टाका भट्टीत!"

टाळ्या पडल्या. दोन ओतारी घंगाळाकडे सरसावले आणि मला दुसरं काही सुचलं नाही. मी घंगाळाला मिठी मारली.

"हे पितळ नाही!" मी म्हणालो. "हे लोखंडच आहे! नीट बघा!"

"जावईबापू, चुंबक चिकटत न्हाय."

"पुन्हा लावा! कधी कधी चिकटायला वेळ लागतो!"

"आवो, आत्तापतूर लोखंडाला पितळ म्हनत हुतासा, आता पितळाला लोखंड?"

"मग खरं सांगतो!" माझा आवाज रडवेला झाला. "हे माझं नाहीच! हे शेजारच्या नागेंद्ररावांचं आहे! त्यांनी फक्त बघायला दिलं होतं! आणि बाकीचंही मी देवीला दिलं नव्हतं, भंगारात विकायला काढलं होतं. हळद-कुंकू म्हणजे पिवळं पितळ आणि लाल पितळ, एवढंच!"

ओतारी मागे सरले. मी मान वर करून बघितलं तर अंजनी पांढरीफटक पडून घंगाळाकडे बघत होती. मग गुणाबाई सावकाश पुढे आल्या. त्यांनी मला बाजूला केलं नाही, फक्त घंगाळ माझ्या मिठीतच जरासं फिरवलं आणि पोच्यावर बोट ठेवलं.

"जावईबापू, ह्यो पोचा कशाचा हाय?"

"मला काय माहीत? कुणीतरी आडदांड माणूस आपटला असेल."

"तुमीच आपाटलासा," त्या म्हणाल्या. "लग्नात. हळदीच्या आंगूळीला. पाटावरनं पाय घसरला आनि ह्या कोपरानं ह्येच्यावर पडलासा. घंगाळ म्या दिल्यालं, आंजीला. दर दिवाळीला ह्येच्यातलंच पानी आंगावर घेतायसा न्हवं?"

माझं कोपर आपोआप दुखायला लागलं. मी अंजनीकडे बघितलं.

"मीच मंगलवहिनींकडं लपवून ठिवलतं," ती खाली मान घालून म्हणाली. "तुम्ही त्यो पितळेचा व्हिडिओ बघाय लागलासा तेव्हाच. मला काय माहीत वहिनी घासून ठेवतील आणि नागेंद्रराव ते तुमच्याकडंच आणून देतील! तुम्ही एवढं सगळं देवीला दिलासा असं वाटलं, म्हणून मीबी घंगाळ द्यायचं ठरवलतं. आणाय गेले, तर तिथं न्हाय. कुणाला सांगू मी?" मग एकाएकी तिनं वर बघितलं. "पण तुमच्या डोळ्यांपुढं होतं की हो! तुम्हाला ओळखलं न्हाय?"

"आपलं काळं आहे!" मी म्हणालो. "हे पिवळं होतं!"

यावर अंजनी आधी रडली, मग हसायला लागली आणि हसता हसता खालीच बसली. तिच्यामागून सगळा मांडव हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं सांगायचं तर ती हसली तेव्हा मीही हसलो.

सिद्राममामांनी घसा साफ केला. "मग आता ह्येचं काय करायचं? हळद-कुंकू तर लागलंय."

गुणाबाईंनी पदरानं मी ओढलेलं हळद-कुंकवाचं बोट स्वच्छ पुसून काढलं आणि घंगाळ अंजनीच्या मांडीवर ठेवलं. "ज्येला सोताची वस्तू वळकत न्हाय, त्यो दान काय करनार? देवी आसलं घेत न्हाय. ह्येंच्या नावानं नळ टाका भट्टीत."

आणि माईकवर पुकारा झाला: "टिळकवाडीचे जावईबापू शामराव यांच्याकडनं, देवीच्या घंटेसाठी, एक नळ!" टाळ्याही वाजल्या. फेटा डोक्यावर होताच. शाल मात्र मामांनी पुढच्या सत्कारासाठी परत मागून घेतली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्या गावात रेंज यायची ती नेमकी तेव्हाच आली. लोंढ्याहून नागेंद्रराव होते.

"काय हो शामराव, आम्ही निघालोय. ते घंगाळ बघितलंत काय? पितळच आहे ना?"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. समोर घंगाळ होतं, हातात हत्ती होता आणि कोपर ठणकत होतं.

"एक मिनिट थांबा हं, नागेंद्रराव," मी म्हणालो, "बायकोला विचारून सांगतो."